मदत हवी आहे : 'एल्डन रिंग'मधील मलेनियाला कसे हरवावे?

नमस्कार. वेंगुर्ल्याजवळच्या आमच्या गावात पाऊस लागल्यापासून मी रोज रात्री 'एल्डन रिंग' (2022) हा व्हिडिओ गेम खेळत आहे आणि गेले तीन आठवडे त्यातील मलेनिया या बॉसपाशी (मोठ्या, अवघड शत्रूपाशी) अडकलो आहे.

तिचा वार लागला की तिचे आरोग्य भरून येते, आणि तो ढालीने अडवला तरीही ते भरतेच. त्यामुळे ज्या ढालीच्या भरवशावर मी आजवरचे बॉस पार केले, तीच येथे तिच्या उपयोगी पडते. म्हणून ढाल बाजूला ठेवून मी दोन्ही हातांत उचिगाताना (जपानी धाटणीच्या तलवारी) घेतल्या, कारण त्यांनी होणारा रक्तस्राव तिच्यावर चांगला चालतो. माझी पातळी 130 आणि व्हिगर (आरोग्य वाढवणारा गुण) 45 आहे.

खरी अडचण 'वॉटरफाउल डान्स' या तिच्या सलग वारांच्या हल्ल्याची आहे. ती हवेत झेपावते तेव्हा मी दूर असलो तर पळून पहिली फेरी चुकवता येते, परंतु अगदी जवळ असताना नेमके कोणत्या दिशेला जावे, हे मला अजून उमगलेले नाही. गोठवणारे मडके फेकून हा हल्ला मोडण्याची युक्ती आपल्यापैकी कोणी नियमितपणे वापरता का?

दुसरा प्रश्न मिमिक टिअरचा, म्हणजे सोबत लढणाऱ्या माझ्याच पात्राच्या प्रतिकृतीचा. तिला सोबत घेतल्यास मला उसंत मिळते, पण तिच्यावरील वारांनीही मलेनिया सावरते. मग एकट्यानेच लढणे बरे का? पावसात आमच्याकडे इंटरनेट टिकत नाही, त्यामुळे ऑनलाइन साथीदार बोलावणे मला शक्य नाही.

दुसऱ्या टप्प्याच्या आरंभीच ती फुलासारखी उमलत कोसळते, त्यानंतर वार करण्याची सुरक्षित वेळ कोणती, हेही कृपया सविस्तर सांगावे.