मोत माउलीच्या जत्रेला आईला भुसावळहून न्यायचंय, कुणी गेलंय का?

तापीकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही भुसावळचे, वडील रेल्वेत होते, क्वार्टरमधे शेजारी एक ख्रिस्ती मावशी राहायच्या, त्या दरवर्षी सप्टेंबरात वांद्र्याला टेकडीवरच्या मोत माउलीच्या (माउंट मेरी चर्च) जत्रेला जायच्या. माझा भाऊ लहानपणी बरेच महिने पायाने अंथरुणाला खिळला होता तेव्हा मावशींनी आईच्या वतीने तिथे मेणाचा पाय वाहिला, भाऊ चालायला लागला आणि आई बोलली होती की मी स्वतः येईन दर्शनाला, ते राहूनच गेलं. मावशी आता नाहीत. आईचे गुडघे दुखतात पण यंदा ने म्हणजे ने असं चाललंय. जत्रा नक्की कधी असते, चढ किती आहे, आणि आम्ही हिंदू, आई ओटी भरू का विचारतेय, चालेल का?

बोरिवलीतला_धुळेकर: भो, भलतं चांगलं काम करी ऱ्हायना तू. 8 सप्टेंबरला मारियेचा, म्हणजे येशूच्या आईचा जन्मदिवस, त्याच्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. भुसावळहून दादरला उतर आणि वेस्टर्नची स्लो लोकल धर, तिसरं स्टेशन वांद्रे. जत्रेत बेस्टच्या जादा बस असतात पण टेकडीजवळचे रस्ते गाड्यांना बंद ठेवतात, म्हणून मेहबूब स्टुडिओच्या पुढचा चढ पायीच समज. आईंना रविवारी आणू नको, रांग फार लांब जाते, मधल्या वारी सकाळी लवकर आण. पाऊस असतोच, छत्री आणि न घसरणारी चप्पल पाहिजे. आणि गणपती त्याच आठवड्यात आले तर ट्रेनचं तिकीट आत्ताच बघ.

अमळनेरी: रविवारचा माहोल वेगळाच असतो पण, कोळणी नटूनथटून येतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूला मेणाचे हात, पाय, घरं, बाळं मांडलेली, कडियो बोडियो हा जत्रेतला गोड खाऊ अन पेरूची वडी. गुडघ्यांचं बघून ठरवा. जाताय तर इतिहास माहीत असू द्या, मला ह्या जागेचं फार वाटतं. आत्ताची इमारत 1904 ची, 1954 ला पोपने बॅसिलिकाचा, म्हणजे खास मानाच्या चर्चचा दर्जा दिला, पण टेकडीवर प्रार्थनास्थळ 16 व्या शतकापासून आहे. 1700 साली अरब चाचे आले, मूर्तीच्या हातातली मुलामा दिलेली वस्तू सोन्याची समजून त्यांनी उजवा हातच तोडून नेला. पुढे 1738 मधे मराठ्यांच्या स्वारीत चर्च पडलं, 1761 ला परत उभं राहिलं. मूर्ती समुद्रात कोळ्यांना सापडली अशी कथा आहे म्हणून कोळी तिला आपली माउली मानतात. हात तुटलेल्या मूर्तीपुढे लोक मेणाचे हातपाय घेऊन येतात, हे आठवलं की मला दर वेळी भरून येतं.

नवापूरकर: मी कॅथलिक आहे, आमच्या नंदुरबारकडून लोक सुरतमार्गे जातात. दादा, सगळ्या धर्मांचे लोक येतात तिथे, कुणी विचारत नाही की तुम्ही कोण. ओटीचं म्हणाल तर फुलांचा हार आणि मेणबत्ती न्या, तिथे तेच वाहतात, नारळ फोडायची पद्धत नाही. आत स्वयंसेवक असतात त्यांच्या हातात द्यायचं, मेणबत्ती आत पेटवायची नाही, बाहेर जागा आहे. मिस्सा म्हणजे चर्चमधली प्रार्थना मराठीतूनही असते, आईंना बसवा, समजेल त्यांना. फक्त कम्युनियन म्हणजे ती पांढरी भाकर आमच्यातल्यांनीच घ्यायची असते, तेव्हा जागेवर बसून राहिलं तरी चालतं, कुणाला वाईट वाटत नाही. कुंकू लावून, नऊवारीत खुशाल या.

तापीकाठ: मनापासून आभार सगळ्यांचे, आईला वाचून दाखवलं, कुंकवाचं ऐकून ती खूश झाली. मंगळवार किंवा बुधवारचं तिकीट बघतो, भाऊही येतोय. एकच राहिलं, आता मेणाचा पाय घ्यायचा की साधी मेणबत्ती?

नवापूरकर: पाय मावशींनी तेव्हाच वाहिलाय ना, मागणं होतं ते पूर्ण झालं. आता उपकार मानायचे, त्याला साधी लांब मेणबत्ती पुरते, आणि ती भावाच्या हातून द्या. मावशींच्या नावाने पण एक घ्या.

बोरिवलीतला_धुळेकर: तिकीट झालं की इथे टाक, त्या दिवशी मला सुट्टी जमली तर दादरला येतो, आईंना लोकलमधे चढवायला दोघं असलेले बरे.