हायब्रिड फॅमिली व्हॅन घ्यावी का? वापरणाऱ्यांचा अनुभव हवा आहे

घरात सहा माणसं, त्यात दोन लहान मुलं आणि गुडघेदुखीवाली आई. त्यामुळे सरकत्या दाराची व्हॅन हवी, हे नक्की. एसयूव्ही सुचवू नका, आईला तिच्यात चढता येत नाही. अडलंय ते पेट्रोल की हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेली) यावर.

रोजचं धावणं 30 किमीच्या आसपास, सगळं सिग्नल आणि गर्दीतलं. ब्रेक लावताना बॅटरी भरते, म्हणजे इथे हायब्रिड फायद्याची, हे कळतं. पण महिन्यातून दोनदा सगळे मिळून सामानासकट 400 किमीचा हायवे असतो आणि एकसारख्या वेगात हा फायदा बराच कमी होतो. पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय नाही, म्हणून प्लग-इन बाद.

टोयोटा सिएना ही हायब्रिड व्हॅन चालवून पाहिली. शांत आहे, पण चढावर जोर दिला की इंजिन एकदम ओरडतं (मुलं मागून ‘काय झालं?’ विचारायला लागली). शिवाय मधल्या सीट घरच्या घरी काढता येत नाहीत. आम्हाला कधीतरी कपाट, सायकली न्यायच्या असतात, तेव्हा हे खटकतं.

गाडी दहा वर्षं ठेवणार, म्हणून बॅटरी किती टिकते हेही महत्त्वाचं.

ज्यांची हायब्रिड व्हॅन 1 लाख किमीच्या पुढे गेली आहे त्यांनी सांगा: पूर्ण भरलेल्या गाडीला हायवेवर प्रत्यक्ष किती मायलेज मिळतं, आणि बॅटरीवर आतापर्यंत काही खर्च आला का?