शिक्षेचं प्रमाण
दुखावण्याचा हेतू नसेल तर एखाद्या चुकीच्या शब्दासाठी नोकरी जाऊ नये, असं काही जण म्हणतात. मला ते पटतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये न्यूयॉर्क निक्स हा बास्केटबॉल संघ हरल्यावर ईएसपीएन या अमेरिकी क्रीडा वाहिनीच्या मोबाइल साइटवर संघातल्या जेरेमी लिन या तैवानी-चिनी वंशाच्या खेळाडूच्या फोटोसोबत 'चिंक इन द आर्मर' असा मथळा लागला. म्हणजे चिलखतातली फट, कच्चा दुवा. पण 'चिंक' ही चिनी वंशाच्या लोकांना दिली जाणारी शिवीही आहे. ३५ मिनिटांत मथळा उतरला. तरी लिहिणाऱ्याला काढलं. तेच शब्द वाहिनीवर बोललेल्या ईएसपीएनच्याच निवेदकाला ३० दिवसांचं निलंबन! हा कुठला न्याय? मुद्दाम केलं असेल असं खुद्द लिनलाही वाटलं नव्हतं. लोक दुखावले, माफी हवीच होती. पण रात्रपाळीत दुसऱ्या कुणाच्या नजरेखालून न जाता मथळे लागत असतील, तर त्याचा जाब वरिष्ठांनाही विचारायला हवा.