अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी : मुलं नेमकी कुठे अडतात?

पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास घेणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या सगळ्यांसाठी हा धागा. कोणत्या पायरीवर काय चुकतं, का चुकतं आणि काय केल्यावर सुटतं, एवढं नेमकं लिहा.

वाई
१/२ + १/३ = २/५. सगळ्यात जास्त दिसणारी चूक. मुलाला अपूर्णांक ही एक संख्या वाटतच नाही. वर एक, खाली एक अशा दोन सुट्या संख्या दिसतात. मग तो अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतो. लगेच खोडू नका. २/५ अर्ध्याहून कमी आहे ना? मग अर्ध्यात भर घालून उत्तर अर्ध्याहून कमी कसं आलं, हे त्यालाच शोधू द्या. तरी पटलं नाही तर त्याच्याच रीतीने १/२ + १/२ करायला लावा. २/४ येतं, म्हणजे पुन्हा अर्धाच!

मग १२ सेंमीच्या कागदी पट्ट्या घ्या. अर्धी पट्टी ६ सेंमी, तिसरा भाग ४ सेंमी. एकापुढे एक ठेवल्या की १० सेंमी, म्हणजे १०/१२, म्हणजेच ५/६. मूळ पट्ट्या एकाच लांबीच्या हव्यात. एक १२ ची आणि एक १५ ची घेतली तर सगळंच फसतं. गोलाचं चित्र सुरुवातीला टाळा, त्याचे तीन सारखे भाग मुलांना हाताने करता येत नाहीत.

तासगाव
एकराचे ४० गुंठे शेतकऱ्याच्या पोरांना पाठ असतात, ते वापरा. १/४ एकर म्हणजे १० गुंठे, १/५ म्हणजे ८. मिळून १८/४०, संक्षिप्त रूप ९/२०. समच्छेद आपोआप होतो. १/३ एकर घातला की गाडी अडते, कारण ४० ला ३ ने भाग जात नाही. अडू द्या. 'मग कोणता आकडा चालेल?' हा प्रश्न मुलांकडूनच आला की लसावि शिकवायची वेळ झाली.

कराड
लसाविसाठी मोठ्या छेदाचा पाढा म्हणायचा. ५/६ + ३/८ : आठ, सोळा, चोवीस. चोवीसला ६ ने भाग जातो, थांबा. २०/२४ + ९/२४ = २९/२४, म्हणजे १ पूर्णांक ५/२४. छेदांचा गुणाकार ४८ घेतला तरी उत्तर तेच येतं, फक्त ५८/४८ ला संक्षिप्त रूप द्यावं लागतं. खरी चूक वेगळीच : मुलं छेद २४ करतात आणि अंश तसाच ठेवतात, ५/२४ + ३/२४. म्हणून ५×४ आणि त्याखाली ६×४ ही ओळ वहीत लिहायलाच लावायची. तोंडी नाही.

मिरज
वजाबाकीत हातचा घात करतो. ३ पूर्णांक १/४ वजा १ पूर्णांक २/३ घ्या. समच्छेद केल्यावर ३/१२ मधून ८/१२ जात नाहीत. इथे दोन चुका ठरलेल्या. काही जण उलटी वजाबाकी करून ५/१२ लिहितात. बाकीचे पूर्णांकातला एक घेतात, पण सवयीने दहाच मिळवतात आणि १३/१२ करतात. इथे उसना घेतलेला एक म्हणजे १२/१२, म्हणून ३ + १२ = १५. २ पूर्णांक १५/१२ वजा १ पूर्णांक ८/१२ = १ पूर्णांक ७/१२.

ज्यांना हे जड जातं त्यांनी सरळ अंशाधिक रूप करावं : १३/४ − ५/३ = ३९/१२ − २०/१२ = १९/१२. उत्तर तेच. मात्र पूर्णांक मोठे असले की गुणाकार वाढतात, त्यामुळे दोन्ही रीती यायला हव्यात.

कोरेगाव
मिरजच्या ताईंनी दिलेल्या गणिताआधी ५ − २/७ सारखी पाच-सहा गणितं द्या. ५ म्हणजे ४ पूर्णांक ७/७, उत्तर ४ पूर्णांक ५/७. उसना घेणं इथेच पक्कं होतं, लसावि मध्ये येत नाही.

सरावाचा क्रमही सांभाळा : आधी समान छेद, मग १/३ + १/६ सारखे एक छेद दुसऱ्याच्या पटीतले, मग १/४ + १/५, आणि ५/६ + ३/८ सगळ्यात शेवटी.