मे महिन्यातले लग्न फिल्मवर: प्रकाश, रोल आणि उष्मा

प्रश्न

माझ्या मामेबहिणीचे लग्न येत्या मे महिन्यात संगमेश्वरजवळच्या आजोळी, घरच्या अंगणात आहे आणि मुहूर्त दुपारी १२ वाजून २० मिनिटांचा आहे. ठरलेले छायाचित्रकार डिजिटल कॅमेऱ्यावर सगळे टिपणारच आहेत; मला मात्र निकॉन एफएम२ या फिल्मच्या कॅमेऱ्यावर चार-पाच रोल आणि आजोबांच्या सुपर ८ या छोट्या सिने-फिल्मच्या कॅमेऱ्यावर थोडे चित्रीकरण करायचे आहे. वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव, बाहेर डोळे दिपवणारे ऊन आणि बहिणीचा जरीचा शालू, अशा स्थितीत प्रकाश कसा मोजावा, कोणती फिल्म घ्यावी आणि उष्म्यापासून ती कशी जपावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे. अंतरपाट दूर होतो तो क्षण काही झाले तरी चुकू नये, अशी फार इच्छा आहे.

पहिले उत्तर

स्थिरचित्रांसाठी रंगीत निगेटिव्हच घ्या. कोडॅक पोर्ट्रा ४०० उत्तम. ही फिल्म जास्तीचा प्रकाश पुष्कळ पचवते, पण कमी पडला तर सावल्या मळकट होतात. एफएम२ चा मीटर चौकटीच्या मध्याला अधिक महत्त्व देत असला, तरी मांडवाबाहेरचे ऊन चौकटीत शिरले की तो फसतो आणि चेहरे काळवंडतात. म्हणून मीटरवर फिल्मचा वेग (आयएसओ) ४०० ऐवजी २०० ठेवा, मुहूर्ताच्या थोडे आधी बोहल्यापाशी उभे राहून आपल्या तळहातावर मापन घ्या, त्यात एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश वाढवा आणि मग विधी संपेपर्यंत मीटरच्या दिव्यांकडे पाहू नका.

माझी खरी काळजी मांडवाच्या कापडाची आहे. लाल कापडातून गाळून आलेला प्रकाश कपाळावर, मुंडावळ्यांवर आणि खांद्यावर पडतो. हनुवटीखाली मात्र जमिनीवरून उसळलेला पांढरा उजेड असतो. एकाच चेहऱ्यावर दोन रंग आले, की स्कॅन करताना एक सुधारावा तर दुसरा बिघडतो. बोहल्यावर तेवढ्यापुरते पांढरे कापड लावून घेता आले, तर कोणत्याही महागड्या लेन्सपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल.

दुसरे उत्तर

सुपर ८ ची एक कार्ट्रिज ५० फुटांची असते. सेकंदाला १८ चौकटींच्या वेगाने ती ३ मिनिटे २० सेकंद चालते, २४ च्या वेगाने फक्त अडीच मिनिटे. त्यामुळे मंगलाष्टके सुरू होण्यापूर्वीच नवी कार्ट्रिज घाला, मधल्या कडव्यांना आई-वडिलांचे चेहरे आणि अक्षता धरलेल्या मुठी थोड्या थोड्या टिपा, आणि भटजींनी ‘तदेव लग्नं’ म्हणायला घेतले की बटण दाबा ते हार घालून होईपर्यंत सोडू नका.

उन्हासाठी कोडॅकची ५०डी घ्या. या कॅमेऱ्यांत शटरचा वेग सहसा बदलता येत नाही, त्यामुळे जलद, म्हणजे प्रकाशाला अधिक संवेदनशील, फिल्मवर भर उन्हात लेन्सचे छिद्र पुरेसे लहान होत नाही. मांडवात २०० टी चालेल. ती पिवळ्या दिव्यांसाठी बनवलेली असल्याने ८५ क्रमांकाचा फिल्टर लावावा आणि फिल्मचा वेग (आयएसओ) १२५ धरावा. या दोन्ही फिल्म नेहमीच्या रंगीत रोलच्या रसायनांत धुवायला देऊ नका. त्यांची प्रक्रिया वेगळी असते. आवाज फिल्मवर येणार नाही, तेव्हा मंगलाष्टके स्वतंत्र ध्वनिमुद्रित करा. आजोबांचा कॅमेरा बराच काळ बंद असेल, तर आधी एक कार्ट्रिज चाचणीसाठी खर्चा. इथे काटकसर नको.

तिसरे उत्तर

उष्म्याबद्दल अनुभवाने लिहितो. विदर्भातल्या एका लग्नात मी काढलेले दोन रोल दिवसभर बंद गाडीच्या डिकीत राहिले. धुऊन आले तेव्हा सावल्यांवर धुरकट थर होता आणि हळदीचा पिवळा रंग मातकट झाला होता. ती छायाचित्रे नवरीच्या आजीची होती आणि तशी पुन्हा मिळाली नाहीत, याचे मला आजही वाईट वाटते.

न वापरलेले रोल फ्रीजमध्ये ठेवा, पण आदल्या रात्रीच बाहेर काढा आणि थंडावा पुरता जाईपर्यंत डबी उघडू नका. कोकणातल्या दमट हवेत गार फिल्मवर लगेच बाष्प धरते. लग्नाच्या दिवशी पिशवी अंगणात न ठेवता माजघरात, कोरड्या पंचात गुंडाळून ठेवा, आणि काढलेले रोल त्याच आठवड्यात धुवायला द्या.

प्रश्नकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामांशी आजच बोललो. बोहल्यावर मांजरपाटाचे पांढरे छत बांधायला त्यांनी आनंदाने होकार दिला. चाचणीची कार्ट्रिज येत्या रविवारी भर दुपारी त्याच अंगणात, मामीला बोहल्याच्या जागी उभे करून चालवतो आणि धुऊन आल्यावर काय दिसले ते इथे कळवतो.