अंबाबाईच्या हातात कमळ का नाही?

मंगळवारपेठकर:
नित्यपूजेत वस्त्रालंकारांमुळे कोल्हापूरच्या अंबाबाईचे, म्हणजेच महालक्ष्मीचे, हात नीट दिसत नाहीत. परवा मूळ मूर्तीचे छायाचित्र न्याहाळले आणि गोंधळलो. तसबिरीतली लक्ष्मी कमळावर बसते, हातातून नाणी सांडते. इथे मात्र देवी उभी आहे, हातांत म्हाळुंग (लिंबाच्या जातीचे फळ), गदा, ढाल आणि पानपात्र (पिण्याचे भांडे) आहे, शिवाय मस्तकावर लिंग. विष्णुपत्नीच्या मस्तकावर शिवाचे चिन्ह कसे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

घाटावरचा वाचक:
आपला प्रश्न 'विष्णुपत्नी' या शब्दापाशीच अडला आहे. दुर्गासप्तशती या देवीच्या ग्रंथाला जोडलेल्या 'प्राधानिक रहस्य' या प्रकरणात महालक्ष्मी ही कोणाची पत्नी नसून त्रिगुणात्मक आद्यशक्ती आहे. तिच्यापासूनच महाकाली आणि महासरस्वती प्रकटतात, आणि म्हणूनच आपल्या देवळात त्या दोघी तिच्या दोन बाजूंना आहेत. तिचे वर्णन असे: "मातुलुङ्गं गदां खेटं पानपात्रं च बिभ्रती । नागं लिङ्गं च योनिं च बिभ्रती नृप मूर्धनि ॥" मातुलुंग म्हणजे म्हाळुंग, खेट म्हणजे ढाल. लिंग आणि योनी एकत्र मस्तकावर धारण करणारी देवी म्हणजे पुरुष व प्रकृती या दोहोंच्या आधीची, असा त्याचा सरळ अर्थ मला वाटतो. कमळ हवेच असेल तर ते त्याच ग्रंथाला जोडलेल्या 'वैकृतिक रहस्य' या प्रकरणातल्या अठरा हातांच्या महालक्ष्मीकडे आहे, अर्थात परशू, वज्र, त्रिशूळ यांच्या सोबतीने!

एक उपासिका:
वरील उत्तराला थोडी पुस्ती जोडते. उजव्या खालच्या हातातले म्हाळुंग बियांनी भरलेले असते, म्हणून ते सृष्टीचे बीज किंवा कर्मफळ मानतात. गदा ही क्रियाशक्ती, ढाल ही ज्ञानशक्ती आणि पानपात्र ही तुरीयावस्था (जागृती, स्वप्न व गाढ झोप यांपलीकडची चौथी अवस्था), असा अर्थ उपासक लावतात. मात्र श्लोकात केवळ वस्तूंची नावे आहेत, अर्थ सांगितलेला नाही. तेव्हा मूर्तिकाराच्या मनातही नेमके हेच होते, असे छातीठोकपणे म्हणू नये.

घाटावरचा वाचक:
ताई, मान्य. आणखी एक घोळ टाळावा: गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावरील शिवलिंगाला 'मातुलिंग' म्हणतात, आणि हातातले फळ 'मातुलुंग'. उच्चारसाम्यामुळे अनेकजण एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवतात.

मंगळवारपेठकर:
आभारी आहे. वरच्या मजल्यावरचा नंदी मी लहानपणी पाहिला होता. देवीच्या देवळात तो कोणासमोर बसला आहे, हे तेव्हा विचारलेच नव्हते.