नागपूरच्या जुन्या टॉकीजच्या बिल्डिंगचा इतिहास कुठून काढायचा?

धरमपेठकर
नमस्कार मंडळी. नागपुरातल्या जुन्या सिंगल स्क्रीन टॉकीजच्या इमारतींची माहिती गोळा करतोय. कोणता पिक्चर किती आठवडे चालला ते नकोय, ते सगळ्यांना पाठ आहे. मला बिल्डिंग पाहिजे, म्हणजे कधी बांधली, कोणी बांधली, आधी त्या जागेवर काय होतं, बाल्कनी नंतर काढली का पहिल्यापासून होती, असं सगळं. बर्डी (सीताबर्डी), महाल आणि सदर या भागांतून सुरुवात करायचा विचार आहे. नेटवर शोधलं तर एकाच टॉकीजची तीन वेगवेगळी वर्षं सापडतात आणि तिन्ही कोणीतरी कोणाचं तरी कॉपी केलेलं. काही तर आता नावापुरत्याच उरल्यात, व्हरायटी चौकात उभं राहून कॉलेजच्या पोराला विचारा की व्हरायटी म्हणजे काय, तो गांधीजींच्या पुतळ्याकडे बोट दाखवेल. एका टॉकीजच्या मालकांच्या घरी गेलो होतो, चहा मिळाला, कागद मिळाले नाहीत. कोणी असं काम केलंय का? कुठल्या ऑफिसात जायचं, काय मागायचं?

नझूलवाले काका
अहो धरमपेठकर, पहिले टॉकीजचं नाव बाजूला ठेवा. नाव बदलतं, मालक बदलतो, चालवायला घेणारा तर दर दहा वर्षांनी बदलतो, प्लॉट तिथेच राहतो. माझी अख्खी नोकरी जमिनीच्या कागदात गेली म्हणून सांगतो, तुम्हाला शोधायचीय ती जागा.
नगर भूमापन कार्यालयात जा, मौजा आणि शीट नंबर काढा आणि त्या प्लॉटची आखीव पत्रिका घ्या. पुण्या-मुंबईकडचे तिला मिळकत पत्रिका म्हणतात, आपल्याकडे आखीव पत्रिकाच मागा, नाहीतर बाबू तुमच्याकडे बघत बसतो. त्यात धारक कोण, जागा कोणत्या प्रकारची, फेरफार कधी झाला हे सगळं येतं. बर्डी-सदरकडे बरीच जमीन नझूलची आहे, म्हणजे सरकारची, पट्ट्यावर दिलेली. तसं असलं तर तुमची लॉटरी लागली समजा, कारण पट्टा कशासाठी दिला ते त्यात लिहिलेलं असतं आणि नूतनीकरणाच्या वेळी जागेवर काय उभं आहे याची चौकशी झालेली असते. तशी एक जरी चौकशीची नोंद हाती लागली तरी अर्धं काम झालं.
खाजगी जागा असेल तर दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत. ऑनलाईन ई-सर्चवर आपल्या भागाचं २००२ पासूनचं दिसतं, त्याच्या मागचं हाताने शोधावं लागतं, वर्षागणिक फी भरून. त्यासाठी सर्च काढणारा एखादा जुना वकील धरा, कोर्टाच्या आवारात मिळतो.

बर्डीचा पोट्टा
काका एकदम बरोबर. पण भाऊ तू हे काहून करून रायला, पुस्तक काढतो का यूट्यूब?
माझा मोठा बाबा ऑपरेटर होता म्हणून सांगतो, इथल्या थिएटरवाल्यायचा अर्धा कारभार नागपुरात नव्हताच. पिक्चरच्या धंद्यात आपला भाग सीपी बेरार (मध्य प्रांत-वऱ्हाड) सर्किट, म्हंजे पिक्चर वाटायचा इलाका, आणि डिस्ट्रिब्युटरचे ऑफिस अमरावती अन् भुसावळला. पिक्चरच्या पेट्या रेल्वेनं यायच्या. त्यायच्या बुकिंग रजिस्टरमधी कोणत्या गावची कोणती टॉकीज, किती सीट, चालवते कोण, हे सारं लिहून राहत होतं. नागपुरात कोणी बोललं नाही तर अमरावतीला जाय, तिथं अजूनही काही जुने लोक हायेत, बोलायले बसले तर उठू देत नाही.

विटाचुना
मी आर्किटेक्ट आहे, थोडं वेगळ्या बाजूने सांगते. कागद मिळेपर्यंत बिल्डिंगच वाचा, ती बरंच बोलते.
सगळ्यात आधी प्रोजेक्शन केबिन. जुनी फिल्म नायट्रेटची असायची, भसकन पेटायची, म्हणून त्या काळातल्या केबिनला जाड भिंती, प्रोजेक्टरच्या झरोक्यांवर आग लागली की आपोआप पडणाऱ्या लोखंडी झडपा आणि बहुतेक वेळा जिना बाहेरून, म्हणजे ऑपरेटर प्रेक्षकांमधून न जाता वर चढतो. १९५० च्या आसपास सेफ्टी फिल्म आली. पण झडपा दिसल्या म्हणून लगेच पन्नासच्या आधीची असं लिहू नका, नियम पुढेही बरेच वर्ष तसेच चालू होते. झडपाच नाहीत आणि केबिन नंतर जोडल्यासारखी दिसतेय, तर मात्र प्रश्न विचारायला जागा आहे. केबिनच्या छतावर धुराड्यासारखे पाईप असतील तर ते कार्बन आर्कच्या दिव्यांचे, कांड्या जळायच्या त्याचा धूर जायला.
मग स्टेज. पडद्यामागे खोल जागा, वर पडदे ओढायच्या दोरखंडांचं लाकूड, बाजूला मेकअपच्या खोल्या असं दिसलं तर ती जागा आधी नाटकाची असण्याची शक्यता खूप. बोलपट १९३१ मध्ये आला, आणि त्याच्या आधीच्या हॉलमध्ये पडद्यामागे स्पीकर बसवायला, भिंतींना आवाज शोषणारं काहीतरी लावायला नंतर तोडफोड करावी लागली, त्याचे सांधे दिसतात. तसंच सिनेमास्कोपचं, १९५३ नंतरचं प्रकरण, रुंद पडद्यासाठी पडद्याभोवतीच्या कमानीच्या दोन्ही बाजू कापलेल्या असतात, नक्षी अर्ध्यात तुटलेली दिसली की समजायचं.
दर्शनी भाग पाहून वर्ष ठरवू नका, प्लीज. मुंबईत रीगल १९३३ चं, इरॉस आणि मेट्रो १९३८ चे, ते पाहून गावोगावच्या मालकांनी गोल कोपरे, उभ्या पट्ट्या, छज्जे लावून घेतले आणि बऱ्याच ठिकाणी जुन्या हॉलवर फक्त नवीन तोंड बसवलं. मागच्या गल्लीत जा, प्लास्टर नसलेली भिंत शोधा, विटेचं माप घ्या, चुना आहे का सिमेंट ते पहा. आणि आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यासाठी हवा गार करायची काय सोय होती ती पण बघा, डक्टच्या जाळ्या आणि कूलर प्लांटची खोली, ते बहुतेक वेळा नंतर जोडलेलं असतं म्हणून बदलांचा क्रम लावायला कामी येतं.

महालवाली
सगळे कागद आणि विटाच सांगतायत, माणसांना पण विचारा ना. महालात राजविलास, नरसिंग टॉकीजच्या आसपास अजून पिढ्यानपिढ्या राहणारे लोक आहेत, माझ्या आजेसासूबाईंना बायकांचं दार वेगळं कुठे होतं आणि तिकीट खिडकी कोणत्या बाजूला होती हे हाताने दाखवता यायचं, ते कुठल्या नकाशात सापडेल?

जुने पेपर
महालवाली ताई, विचारायचंच, पण वर्ष विचारायचं नाही. "टॉकीज कधी सुरू झाली" म्हटलं की माणूस काहीतरी गोल आकडा देतो आणि तोच मग नेटवर फिरतो. त्यापेक्षा "तिथे पहिल्यांदा कोणता पिक्चर पाहिला, कोणाबरोबर गेलात, लग्न झालं होतं का" असं विचारायचं. पिक्चर कधी आला ते शोधता येतं, म्हणजे निदान त्या वर्षी टॉकीज होती हे पक्कं. फक्त जुने पिक्चर पुन्हा पुन्हा लागायचे, म्हणून लग्न, नोकरी, शाळेचा वर्ग असं दुसरं काहीतरी सोबत घ्या.
आता माझा प्रांत, म्हणजे पेपर. नागपूरचं नशीब चांगलं, हितवाद १९११ पासून आहे, तरुण भारत, नवभारत आहेत, नागपूर टाइम्स होता. सिनेमाच्या जाहिराती रोज यायच्या. पहिला अंक शोधत बसू नका, वेडे व्हाल. एक वर्ष घ्या जेव्हा टॉकीजचं नाव नक्की दिसतं, मग पाच वर्षं मागे उडी मारा, नाही दिसलं तर मध्ये या, असं करत दोन महिन्यांच्या फटीत आणा आणि मग तेवढाच गठ्ठा रोजचा रोज चाळा. उद्घाटनाची जाहिरात सापडली तर मालक, कधीकधी ठेकेदार, साउंडचं मशीन कोणत्या कंपनीचं, सगळं एका चौकोनात मिळतं. नाव अचानक गायब होऊन त्याच आठवड्यात नवीन नाव उगवलं तर जागा तीच आहे का ते काकांच्या आखीव पत्रिकेवरून पडताळा.
इंटरनेट अर्काइव्हवर १९२७-२८ च्या रंगाचारियर समितीचा, म्हणजे इंग्रज सरकारने नेमलेल्या सिनेमा चौकशी समितीचा रिपोर्ट आणि साक्षींचे खंड आहेत, मूकपटाच्या काळात थिएटरवाल्यांचा धंदा कसा चालायचा ते त्यांच्याच तोंडून वाचायला मिळतं.
अजून एक, जे कोणी सांगत नाही. कोर्टकचेऱ्या! टॉकीज म्हटलं की भागीदारांची भांडणं आलीच, भाड्याचे वाद आले. नागपूरला १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट होतं, १९५६ नंतर ते मुंबईचं खंडपीठ झालं. जुने निकाल ऑल इंडिया रिपोर्टरच्या नागपूर मालिकेत आहेत, आणि बरेच आता ऑनलाईन सापडतात. निकालाच्या पहिल्या दोन परिच्छेदांत न्यायमूर्ती अख्खा इतिहास सांगतात, प्लॉट कोणाचा, बांधकाम कोणाच्या पैशाने, लीज किती वर्षांची. तेही दोन्ही बाजूंनी शपथेवर दिलेल्या साक्षींवरून.

बर्डीचा पोट्टा
शपथेवर खोटं बोलत नाही का कोणी 😄

जुने पेपर
बोलतात ना भाऊ, पण समोरचा वकील तिथल्या तिथे पकडतो. मालकाच्या घरी चहा पिताना कोण पकडणार?

धरमपेठकर
भारी माहिती, सगळ्यांचे आभार. @बर्डीचा पोट्टा पुस्तक वगैरे काही नाही, सध्या फक्त नकाशा करतोय, पुढचं पुढे. काका, सिनेमाच्या लायसन्सच्या फायली कुठे असतील? मी एका ऑफिसात माहिती अधिकारात अर्ज टाकला होता, "अभिलेख उपलब्ध नाही" एवढं एका ओळीत उत्तर आलं.

नझूलवाले काका
ते उत्तर येणारच, कारण तुम्ही बहुतेक "अमुक टॉकीजचा इतिहास द्या" असं मागितलं असणार. इतिहास नावाची फाईल कुठल्याच ऑफिसात नसते.
लायसन्स १९१८ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यापासून आहे, द्यायचा जिल्हा दंडाधिकारी, म्हणजे कलेक्टर कचेरी. पुढे शहरात पोलीस आयुक्त आले तेव्हा तिकडेही बघायचं. करमणूक कराचा कायदा सीपी अँड बेरारचा १९३६ चा, तो कर २०१७ ला जीएसटीत गेला, पण कराच्या कागदात दर्जावार सीट आणि तिकिटाचे दर असायचे, बाल्कनी कधी वाढली ते तिथून कळतं.
अर्जात असं मागा की अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंतची सिनेमा परवाना नोंदवही आणि अभिलेख कक्षात त्या विषयाच्या फायलींची यादी पाहायला द्या. निरीक्षण मागा, नकला नंतर. आणि अभिलेखाचं वर्गीकरण विचारा, अ म्हणजे कायम, ब म्हणजे ३० वर्षं, क आणि ड त्याहून कमी. नष्ट केलं म्हणत असतील तर नष्ट केल्याची नोंद असते, ती मागा. ती मागितली की बऱ्याचदा फाईल सापडते, का ते मला विचारू नका.
१९५६ च्या आधीचं असेल तर सिव्हिल लाईन्सच्या पुराभिलेख कार्यालयात जा, नागपूर तेव्हा जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं, सचिवालयाची दप्तरं इथलीच. फक्त नोव्हेंबर ५६ ला राजधानी भोपाळला गेली तेव्हा काही फायली पण गेल्या, त्यामुळे इथे नाही म्हणजे कुठेच नाही असं नाही. मनपाकडे मालमत्ता कराची जुनी असेसमेंट रजिस्टरं, आणि नासुप्रच्या (नागपूर सुधार प्रन्यास) लेआउटमधली जागा असेल तर त्यांच्याकडे मंजूर नकाशा, नासुप्रचा कायदाच १९३६ चा आहे.

विटाचुना
मंजूर नकाशा मिळाला तर त्यावर विश्वास ठेवायच्या आधी टेप घेऊन जागेवर जा. मंजूर एक आणि बांधलेलं दुसरं, ही काही आजची गोष्ट नाही.
आणि एक विनंती, ज्या टॉकीज बंद पडून आहेत त्यांचं आधी करा, कागद कुठे पळत नाहीत. चौकीदाराला सांगून आत गेलात तर पडद्याच्या भिंतीचा, केबिनचा आणि जिन्यांचा फोटो मोजपट्टी ठेवून काढा. बाल्कनीवर चढू नका, खालून आधी गळती आणि उघडी पडलेली सळई बघा.

महालवाली
चौकीदारालाच विचारा, कधीकधी तोच जुना डोअरकीपर असतो. थर्ड, फर्स्ट, बाल्कनी, बॉक्स, कोणाचं दार कुठून ते त्याला झोपेत पण सांगता येतं.

धरमपेठकर
ठीक, मग सदरपासून सुरू करतो, लिबर्टी आणि स्मृती, दोन्ही एका चकरेत होतील. सोमवारी आखीव पत्रिकेचा अर्ज टाकतो. काका, शीट नंबर माहीत नसेल तर?

नझूलवाले काका
शेजारच्या दुकानदाराची टॅक्स पावती आणि त्याची आखीव पत्रिका बघायला मागा, त्याच शीटवर तुमचाही प्लॉट निघेल. ऑफिसात सकाळी जा, जेवणानंतर नकाशे काढायला कोणी उठत नाही. शनिवारी जाऊ नका, पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून बंद असतं.